योबेलाची गायिका एला शेपर्ड

ज्या स्त्रीचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, तिचें नांव अमेरिकेंत व युरोपांत पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस तें फारसें परिचयाचें नाहीं. ती राणी नव्हती, मोठी ग्रंथकर्त्री नव्हती, किंवा व्यासपीठावरून उपदेश करणारीहि नव्हती. ती गुलामगिरींत जन्मली, आणि एका गरीब ख्रिस्ती कॉलेजच्या गायकसंघाबरोबर पियानो वाजवीत व गात तिनें दूरदूरचे देश पाहिले. त्या गायकसंघानें आपलें कॉलेज मोडकळीस आलें असतां वांचविलें, आणि ज्या गाण्यांची त्यांच्या स्वतःच्या लोकांस लाज वाटत होती, तीं गाणीं साऱ्या ख्रिस्ती जगाच्या तोंडीं दिलीं. ही दुसरी गोष्ट आपण विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे, म्हणून हें चरित्र थोड्या विस्तारानें सांगतों.

एला हिचा जन्म १८५१ सालीं अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत, नॅशव्हिल शहरीं झाला. त्या वेळीं त्या देशाच्या दक्षिण भागांत आफ्रिकेंतून आणलेल्या लोकांची संतति गुरांढोरांप्रमाणें विकली व विकत घेतली जात असे. आई ज्या धन्याची, लेंकरूंहि त्याच धन्याचें, असा तेथील कायदा होता. एलाचा बाप सायमन यानें गाडी हांकून पैसा सांठविला व धन्यास किंमत भरून तो स्वतः मोकळा झाला. परंतु आई सेरा ही गुलामच राहिली. मूल चालूं बोलूं लागलें तेव्हां मालकिणीनें त्याला फुसलावून आईच्या चहाड्या सांगावयास शिकविलें. हें आईच्या लक्षांत येतांच तिचें काळीज फाटलें. पोटचें लेंकरूं आपल्यावर पाळत ठेवणार, असल्या जिण्यापेक्षां दोघींनीं मेलेलें बरें, असें मनांत आणून ती एलास कडेवर घेऊन नदीकडे धांवली. वाटेंत एका वृद्ध दासीनें तिला थोपविलें. देवाचा रथ खालीं उतरेल त्याची वाट पाहावी, ह्या मुलीकडून प्रभूला मोठें कार्य करून घ्यावयाचें आहे, अशा अर्थाचा धीर तिनें त्या मातेस दिला, व ती माता माघारी फिरली. एलाच्या घरीं ही हकीगत पुढें नेहमीं सांगितली जात असे.

बापानें ३५० डॉलर भरून मुलीस सोडविलें. तिच्या आईलाहि आपण विकूं असें वचन मालकिणीनें दिलें होतें, परंतु तें तिनें पाळलें नाहीं; उलट धनी लोक मिसिसिपी संस्थानांत राहावयास गेले तेव्हां सेरा हिला त्यांनीं बरोबर नेलें. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, आणि मुलगी आईवांचून. ज्यांच्या वाडवडिलांनीं पिढ्यान्‌पिढ्या गांवची वेठ वाहिली, ज्यांस आपल्या लेंकरांच्या पोटावर दुसऱ्याची सत्ता चालतांना पाहावें लागलें, त्या आमच्या वाचकांस ह्या दुःखाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाहीं.

सायमन यानें पुढें दुसरें लग्न केलें. व्यापारांत तो बुडाला. तेव्हां सावकार आपल्या कुटुंबासच मालमत्ता समजून जप्त करतील ह्या भीतीनें तो सर्वांस घेऊन उत्तरेकडे सिनसिनाटी शहरीं पळाला. तेथें एला कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेंत जाऊं लागली. तिची प्रकृति नाजूक होती, पण संगीताची आवड विलक्षण होती, हें पाहून बापानें पोटास चिमटा घेऊन तिच्यासाठीं पियानो घेतला. परंतु १८६६ सालीं पटकीच्या सांथींत बाप वारला. देणें फेडतां फेडतां घरांतील सर्व चीजवस्तु गेली, पियानोहि गेला. पंधरा वर्षांची पोर सावत्र आईच्या संसाराला हातभार लावण्यासाठीं मिळेल तें काम करूं लागली. ह्याच काळांत एका युरोपियन गायनशिक्षिकेनें तिला बारा धडे दिले. पण अट अशी कीं, मुलीनें रात्रीं यावें, मागील दारानें यावें, व शिक्षिकेचें नांव कोणाकडे काढूं नये. गोऱ्या घरच्या मुली समोरच्या दारानें येत, आणि ही अंधारांत मागच्या जिन्यानें चढे. विद्या मिळत होती म्हणून तिनें तो अपमान सोसला. आपल्यांतीलहि कित्येक वृद्ध बंधूंस शाळेच्या ओटीवर, दाराबाहेर बसून अक्षरें गिरवावीं लागलीं होतीं, तें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

इकडे १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें व गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. चाळीस लाखांच्या आसपास माणसें मोकळीं झालीं. परंतु त्यांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती, कारण गुलामास वाचावयास शिकविणें हा दक्षिणेंतील पुष्कळ ठिकाणीं गुन्हा मानला जात असे. तेव्हां अमेरिकन मिशनरी असोसिएशन नामक ख्रिस्ती संस्थेनें जागोजाग शाळा उघडल्या. त्यांपैकीं एक १८६६ च्या जानेवारींत नॅशव्हिल येथें लष्करी इस्पितळाच्या जुन्या लांकडी बराकींत सुरू झाली. जनरल क्लिंटन फिस्क यांच्या नांवावरून तिला फिस्क हें नांव मिळालें. तेथें लहान मुलें, त्यांचे बाप व त्यांचे आजे एकाच वेळीं मुळाक्षरें शिकावयास बसत. त्या शहरांत पूर्वीं गुलामांचा बाजार भरत असे. तेथें सांपडलेल्या गंजलेल्या बेड्या व सांखळ्या मोडीच्या भावानें विकून त्या पैशांनीं मुलांसाठीं अंकलिप्या व नवे करार घेतले, अशी गोष्ट एलानें स्वतः लिहून ठेविली आहे. बेडीचें पुस्तक झालें! ह्याहून मोठें प्रवचन आम्हांस सुचत नाहीं.

एला हिनें गॅलाटिन गांवीं पांच महिने शाळा चालवून अवघे सहा डॉलर शिल्लक टाकिले, आणि तेवढ्या पुंजीवर १८६८ सालीं ती फिस्कमध्यें दाखल झाली. तिची पेटी इतकी लहान होती कीं, मुलगे तिला खाऊची पेटी म्हणून हंसत. सहा डॉलर तीन आठवड्यांत संपले; मग तिनें भांडीं घासलीं, शिवण केलें, मुलांस पियानो शिकविला. लवकरच तिला गायनाची सहाय्यक शिक्षिका नेमण्यांत आलें. फिस्कच्या शिक्षकवर्गांत घेतलेली ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ति होय.

परंतु शाळेची स्थिति दिवसेंदिवस खालावत चालली. बराकींच्या भिंतींतून वारा शिरे, छप्पर गळे, पुरेसें पांघरूण नाहीं, जेवण निकृष्ट, आणि कर्ज वाढत चाललेलें. शाळा बंद करावी असें चालकांस वाटूं लागलें. तेथें जॉर्ज व्हाइट नांवाचे खजिनदार होते. ते एका लोहाराचे मुलगे. युद्धांत शिपाई होते. संगीताचें मोठें शिक्षण त्यांस नव्हतें, पण कान तिखट व अंतःकरण प्रेमळ होतें. ते हिशेबाच्या वह्या मिटून सायंकाळीं मुलांस गाणें शिकवीत. ह्या मुलांस घेऊन उत्तरेकडील शहरांत गायनाचे जलसे करावे व शाळेसाठीं पैसा मिळवावा, असें त्यांच्या मनानें घेतलें. मिशनच्या चालकांस हा वेडेपणा वाटला व त्यांनीं मदत देण्याचें नाकारलें. आईबापांनाहि भीति वाटली. तरी व्हाइट यांनीं तिजोरींत उरलेला पैसा, आपली स्वतःची पुंजी व कांहीं उसनवारी एकत्र केली, आणि १८७१ च्या ऑक्टोबरच्या ६ तारखेस तीं नऊ मुलेंमुली नॅशव्हिलहून निघालीं. बहुतेक गुलामगिरींत जन्मलेलीं होतीं. एला वीस वर्षांची होती. सर्वांत धाकटी मिनी टेट ही तर अगदींच कोंवळ्या वयाची होती.

आतां गाण्यांविषयीं. आरंभीं हा संघ गोऱ्या लोकांचीं सुधारलेलीं गीतें व एस्तेर राणीच्या कथेवरील संगीतिका असे प्रकार गात असे. आपल्या आईबापांचीं गाणीं, जीं कापसाच्या शेतांत, रात्रीं झोंपड्यांत, धन्याची चाहूल घेत घेत गुलाम लोक गात, तीं ह्या मुलांनीं लोकांपुढें कधींच म्हटलीं नव्हतीं. त्यांस त्यांची लाज वाटे. तीं गाणीं म्हणजे चाबकाची, विक्रीची, अज्ञानाची आठवण. आतां आपण शिकलों, आतां तें विसरलें पाहिजे, असें त्यांस वाटत होतें. शिवाय त्यांच्या वडिलांना तीं गाणीं पवित्र होतीं. परक्यांच्या हंशासाठीं तीं बाहेर काढणें त्यांस पाप वाटे. व्हाइट यांनीं एकदां तीं ऐकलीं आणि तीं शिकवा म्हणून विनंती केली. पुष्कळ प्रार्थना व विचार झाल्यावर मुलें तयार झालीं. तेंहि उघड नव्हे, तर व्हाइट यांच्या बैठकीच्या खोलींत. खुर्च्या थोड्या, म्हणून जमिनीवर बसून तीं एकमेकांपासून आपल्या पूर्वजांचीं गाणीं हलक्या आवाजांत शिकूं लागलीं. एलाला आपल्या घरचीं गाणीं ठाऊक होतीं. इतरांचीं तिनें ऐकून लिहून घेतलीं. पुढें तिच्या संग्रहांत शंभरावर गाणीं जमलीं.

प्रवास अत्यंत कष्टाचा झाला. थंडी पडूं लागली, अंगावर पुरते कपडे नव्हते. खाणावळवाले रंग पाहून दार लावीत. एका गांवीं जागा मिळालीच तर दुसऱ्या गांवीं रात्र स्टेशनावर काढावी लागे. एकदां एका स्टेशनावर दांडग्या लोकांचा जमाव मुलांच्या अंगावर चालून आला. व्हाइट मध्यें उभे राहिले व मुलांस स्तोत्र गावयास सांगितलें. गाणें चाललें असतां जमाव हळूहळू पांगला, आणि शेवटीं एकटा राहिलेला पुढारी डोळे पुसून पुन्हा गा अशी विनवणी करूं लागला. ओहायओ संस्थानांत एका जलशांत पन्नास डॉलरांच्या आंत पैसा जमला. त्याच सुमारास शिकागो शहरास भयंकर आग लागून हजारों लोक बेघर झाले होते. मुलांजवळ खावयास नव्हतें, तरी ती सर्व रक्कम त्यांनीं शिकागोच्या मदतीस दिली. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट शास्त्रांत वाचणें सोपें आहे. ती करून दाखविणें फार कठीण आहे.

कोलंबस शहरीं पोहोंचले तेव्हां सर्वांचा धीर सुटला होता. व्हाइट यांनीं सारी रात्र प्रार्थनेंत घालविली, आणि सकाळीं मुलांस सांगितलें कीं, संघाचें नांव ज्युबिली गायक असें ठेवावें. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्या पन्नासाव्या वर्षाचें वर्णन आहे, ज्यांत कर्णा फुंकून देशभर मुक्तता पुकारावी व दास आपल्या कुटुंबाकडे परत जावा असें परमेश्वरानें सांगितलें आहे, तें योबेल वर्ष; त्यालाच इंग्रजींत ज्युबिली म्हणतात. गुलामगिरींत असतां हे लोक त्या वर्षाची वाट पाहत असत. नांव ऐकतांच मुलांचे चेहरे उजळले. थोड्याच दिवसांनीं ओबर्लिन येथें कॉंग्रिगेशनल मंडळ्यांची मोठी सभा भरली होती. काम चालू असतां, सभेंत गडबड असतां, मुलांनीं एका बाजूस बसून आपल्या वाडवडिलांचें एक गाणें अगदीं हळू स्वरांत सुरू केलें. सभागृह स्तब्ध झालें. पाळक व वडील रडूं लागले. तेव्हां मुलांच्या ध्यानांत आलें कीं, ज्याची आपण लाज धरिली त्याच गाण्यांत देवाचें सामर्थ्य आहे.

डिसेंबरांत तीं न्यूयॉर्कला पोहोंचलीं. एवढें मोठें शहर, आणि कोणी ओळखीचें नाहीं. मिशनच्या कांहीं अधिकाऱ्यांनीं त्यांस आपल्या घरीं उतरविलें. गोऱ्या कुटुंबांनीं कृष्णवर्णीय पाहुण्यांस आपल्या मेजावर बसविणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. शेजारच्या ब्रुकलिन शहरीं, जें १८९८ सालीं न्यूयॉर्कांत सामील झालें, प्लिमथ मंडळीचे पाळक हेन्री वॉर्ड बीचर हे होते. टॉमकाकाची कथा लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो बाईंचे ते बंधु, व गुलामगिरीचे कट्टे वैरी. त्यांनीं मुलांस आपल्या प्रार्थनासभेंत गावयास बोलाविलें. गाणें संपल्यावर त्यांनीं आपले खिसे रिकामे केले व मंडळीसहि तसेंच करावयास लाविलें. एका वर्तमानपत्रानें मुलांची टर उडविली. त्या काळीं गोरे नट तोंडाला काजळी फांसून कृष्णवर्णीयांच्या सोंगानें नाचत व लोकांस हंसवीत. बीचर यांनीं तसलेच सोंगाडे आणले, असें त्या पत्राचें म्हणणें. परंतु लोकांनीं येऊन पाहिलें तों सोंग नव्हतें, विनोद नव्हता. साध्या पोषाखांतील, हात जोडल्यासारखीं स्थिर उभीं राहिलेलीं, डोळे मिटून प्रार्थनेप्रमाणें गाणारीं मुलें होतीं. थट्टा करणारांच्याच बातमीनें जलशास गर्दी वाढली. नंतर न्यू इंग्लंडांतील गांवोगांव मंडळ्यांनीं त्यांस बोलाविलें, आणि १८७२ सालीं वॉशिंग्टन येथें अध्यक्ष ग्रँट यांच्यापुढेंहि तीं गायलीं. परत आलीं तेव्हां कर्ज फिटलें होतें, नव्या जागेची खरेदी होऊं शकली होती; सुमारें वीस हजार डॉलर त्यांनीं मिळविले होते.

१८७३ सालीं संघ इंग्लंडास गेला. व्हिक्टोरिया राणीनें त्यांचें गाणें ऐकलें; शॅफ्ट्सबरीच्या लॉर्डसाहेबांनीं त्यांस आश्रय दिला; मूडी व सँकी यांच्या उज्जीवनसभांतून तीं गायलीं. त्या वृद्ध दासीनें नदीच्या वाटेवर धीर दिलेलें लेंकरूं खरोखरीच राणीपुढें उभें राहिलें. इंग्लंडांत काढविलेलें गायकांचें मोठें तैलचित्र आजहि फिस्कमध्यें लाविलेलें आहे. ह्या पैशांतून ज्युबिली हॉल नांवाची भव्य इमारत उठली व १८७६ च्या जानेवारीच्या १ तारखेस ती समर्पिली गेली. पुढें हॉलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी असा प्रवास करून १८७८ सालीं संघ विसर्जन पावला. सात वर्षांत सुमारें दीड लक्ष डॉलर त्यांनीं शाळेस दिले.

ह्या सर्व काळांत एलाचें काम लोकांच्या नजरेंत कमी येई. व्हाइट वारंवार आजारी पडत. तेव्हां सराव घेणें, सूर मिळविणें, नव्या गायकांस तयार करणें, भांडणें मिटविणें हें सारें तिच्यावर येई. तिची स्वतःची प्रकृतीहि ठीक नसे. तरी पियानोजवळ बसून ती सर्वांस एका स्वरांत ठेवी. मंडळींत अशा स्त्रिया असतात. त्यांचें नांव अहवालांत येत नाहीं, पण त्या नसल्या तर काम थांबतें.

स्वातंत्र्यानंतर तिनें आपल्या आईशीं पुन्हा गांठ घातली, व पुढें तिला मिसिसिपीहून आणून नॅशव्हिल येथें आपल्याजवळ ठेविलें. योबेलाच्या वर्षीं दास आपल्या कुटुंबाकडे परतावा, हें वचन ह्या घरांत अक्षरशः पुरें झालें. १८८२ सालीं एलाचा विवाह फिस्कमध्येंच शिकलेले पाळक जॉर्ज वॉशिंग्टन मूर यांच्याशीं झाला. वॉशिंग्टन शहरीं गरीब वस्तींतील मंडळींत तिनें पतीबरोबर सेवा केली. नंतर नॅशव्हिलला परत येऊन नव्या पिढीच्या गायकांस तीं जुनीं गाणीं शिकविलीं, जेणेंकरून त्यांचा मूळ भाव हरवूं नये. १९१४ सालीं ती प्रभूकडे गेली. दर वर्षीं ऑक्टोबरच्या ६ तारखेस फिस्कमध्यें तो प्रवासाचा दिवस पाळतात, आणि त्या नांवाचा गायकसंघ अद्यापि गात आहे.

आतां आपल्याकडे पाहूं. ज्या १८७३ सालीं हीं मुलें इंग्लंडांत गात होतीं, त्याच सालीं पुण्यास जोतिराव फुले यांनीं आपलें गुलामगिरी हें पुस्तक छापिलें व तें अमेरिकेंत दास्य मोडणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें. ते आणि हीं मुलें परस्परांस ओळखत नव्हतीं. पण बेडी एकाच जातीची आहे हें फुल्यांनीं ओळखलें होतें.

गाण्यांच्या बाबतींत मात्र आपण अजून जमिनीवर बसून हलक्या आवाजांत सराव करणाऱ्या मुलांच्याहि मागें आहों. कित्येक मंडळ्यांत असें दिसतें कीं, रविवारीं परक्या चालीचें गीत कसेंबसें ओढतात, आणि घरीं जात्यावर बसलेली म्हातारी जी ओंवी सुंदर गळ्यानें म्हणते ती उपासनेंत आणावयास सुना लाजतात. डफ, एकतारी व टाळ हीं जुन्या हलक्या जिण्याचीं चिन्हें समजून शिकलेलीं मुलें त्यांस शिवत नाहींत. ही लाज आम्हांस समजते. ती लाज आपल्यावर दुसऱ्यांनीं लादली आहे. परंतु फिस्कच्या मुलांचा अनुभव पाहा. त्यांनीं परक्यांचीं गीतें चांगलीं म्हटलीं तेव्हां लोकांनीं टाळ्या वाजविल्या. त्यांनीं आपल्या आयांचीं गाणीं म्हटलीं तेव्हां लोकांनीं पश्चात्ताप केला.

येथें एक भेद मात्र ध्यानांत ठेविला पाहिजे. त्या गुलामांचीं गाणीं मूळचींच येशूचीं, मोशेचीं व यार्देनेचीं होतीं. आपल्या जुन्या गाण्यांतील सर्वच शब्द आपणांस घेतां येणार नाहींत. पण चाल, ठेका, घरचे शब्द आणि दुःख बोलून दाखविण्याची ती धाटी, ह्यांत अपवित्र असें कांहीं नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं हें ओळखून अभंग व भजनें प्रभूच्या चरणीं वाहिलीं, आणि त्यांच्या आधींहि नगराकडील बंधूंनीं ख्रिस्ती कीर्तनें केलीं. तें काम पंडितांचेंच आहे असें समजूं नये. प्रत्येक गांवच्या शिक्षकानें आपल्या मंडळींतील वृद्ध स्त्रियांजवळ वही घेऊन बसावें, त्यांच्या चाली लिहून घ्याव्या, व सुवार्तेच्या गोष्टी त्या चालींत बसवाव्या. एलानें तेंच केलें.

आणि शाळेविषयीं. आपल्या खेड्यांतील ज्या शाळेचें छप्पर गळतें, तिच्यासाठीं साहेबांकडे अर्ज करण्यापूर्वीं आपल्यापाशीं काय आहे तें पाहावें. त्या मुलांपाशीं पैसा नव्हता, मान नव्हता, निवारा नव्हता. जी एक वस्तु होती तिची त्यांस लाज वाटत होती. तीच त्यांनीं प्रभूच्या हातांत दिली, आणि तीच पुरली.